फोर बाय फोर गाडीतला अधूनमधून येणारा आवाज कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात फोर बाय फोर गाडी नुसती हौसेपोटी घेतली जात नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा, पेठ-हरसूलचे चढ, इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस हे सगळं तिला वर्षभर सोसावं लागतं. २००२ ची पहिली स्कॉर्पिओ आणि २०२० ची थार दोन्ही इथल्याच कारखान्यातून बाहेर पडल्या, त्यामुळे या गाड्यांवर हात बसलेले फिटरही शहरात आहेत. तरी एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: "खालून आवाज येतो, पण कधी येतो, कधी येत नाही."

खालची उत्तरं मुख्यतः पार्ट-टाइम फोर बाय फोर गाड्यांसाठी आहेत, म्हणजे ज्यांत टू-एच (दोनच चाकांना ओढ), फोर-एच (चारही चाकांना ओढ) आणि फोर-एल (चारही चाकांना, कमी वेगात जास्त ताकदीने) असा लिव्हर किंवा नॉब असतो. जिप्सी, थार, जिम्नी, फोर बाय फोर बोलेरो या त्यातल्या. चारही चाकांना कायम ओढ देणाऱ्या गाड्यांना एखादी चाचणी चालत नसेल, तर तिथेच तसं सांगितलं आहे.

रस्त्यावर आवाज येतो, गॅरेजात नेली की गाडी गप्प. असं का?

प्रत्येक आवाजाला ठरावीक परिस्थिती लागते. ती जुळली की तो येतो, नाही जुळली की येत नाही. तुम्ही गॅरेजपर्यंत कसे पोचता ते आठवून बघा. द्वारका चौकातून रांगत, मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबत, तिथून अंबडला. तोवर ऑइल गरम झालेलं असतं, गाडी रिकामी असते, रस्ता सपाट असतो आणि लिव्हर टू-एचमध्ये असतो. आवाज मात्र आला होता पहाटे बागेतून निघताना, मागे भरलेले क्रेट, समोर चढ आणि लगेच डावं वळण. फिटरला यातलं काहीच मिळालेलं नसतं, त्यामुळे "मला तर काही ऐकू आलं नाही" हे तो प्रामाणिकपणे सांगत असतो.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. आधी परिस्थिती पकडा, मग पाना हातात घ्या. अंदाजाने भाग बदलत गेलात तर क्रॉस (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ओढ नेणाऱ्या शाफ्टचा सांधा) नवा, बेअरिंग नवं, माउंटिंग (इंजिनचा आधार) नवं, आणि आवाज जुनाच, असं होतं.

नेमकं काय लिहून ठेवायचं?

गाडीत एक वही ठेवा. आवाज आला की गाडी बाजूला घेऊन लगेच लिहा, कारण संध्याकाळपर्यंत डावं वळण होतं की उजवं हेसुद्धा आठवत नाही. वेग किती होता? गिअर कोणता? टू-एच की फोर-एच? पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला होता, सोडलेला होता की वेग धरून ठेवण्यापुरता टेकलेला होता? हा चौथा प्रश्न लोक हमखास विसरतात, आणि निदानात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. मग स्टिअरिंग सरळ की वळलेलं, गाडी थंड की गरम, वजन किती, रस्ता डांबरी, काँक्रीटचा की कच्चा. आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, पाण्यातून गेली होती का, तेही लिहा.

याच्याच बरोबरीची दुसरी नोंद म्हणजे आवाज आला नाही तेव्हाची. "तोच चढ, तोच वेग, पण गाडी रिकामी होती, आवाज नाही" ही ओळ फिटरला थेट मागच्या ॲक्सलकडे किंवा शाफ्टच्या कोनाकडे नेते. नुसतं "कधी कधी येतो" लिहिलंत तर त्याला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

शेजारी कोणी बसलं असेल तर त्यांच्या हातात फोन देऊन रेकॉर्डिंग करायला सांगा, आणि तुम्ही वेग मोठ्याने बोलत राहा: "चाळीस... पंचेचाळीस... पाय सोडला." आवाज आणि परिस्थिती एकाच फाइलमध्ये येतात. चालवताना फोन स्वतः हाताळू नका.

आवाज कालपासूनच सुरू झालाय, आणि कालच पंक्चर काढलं होतं.

मग पुढचं काही वाचू नका. आधी त्या चाकाचे नट तपासा. वेगासोबत वाढणारी ठकठक ढिल्या नटांचीही असू शकते, आणि तसं असेल तर चाक निघून जाईपर्यंत फार वेळ मिळत नाही. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या ठरावीक जोराला, टॉर्क पान्यानेच आवळा. टायर, अलॉय किंवा ब्रेक पॅड बदलल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा बघायचे, हा नियम कधीच मोडू नये.

आवाजाचं वर्णन कसं करू? "खडखड" म्हटलं तर फिटर दहा गोष्टी सांगतो.

तो दहा गोष्टी सांगतो, कारण आपण सगळ्याच आवाजांना खडखड म्हणतो. जरा वेगवेगळे करून बघू.

गिअर टाकून क्लच सोडताना किंवा पाय दाबून-सोडताना एकदाच "ठक्" झालं तर तो खटका. कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे, आणि ओढीची दिशा बदलली की तो प्ले भरून निघतो. क्रॉस, स्लायडिंग योक (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा तुकडा), डिफरन्शियलमधला (ॲक्सलच्या मध्यावरची, डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी दातांची पेटी) बॅकलॅश म्हणजे दातांमधली फट, इंजिन-गिअरबॉक्सचं माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, यांपैकी काहीही असू शकतं.

पूर्ण वळणावर लयीत "कट-कट-कट" येत असेल तर पुढच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे वळलेल्या चाकालाही ओढ पोचवणाऱ्या सांध्यावर, संशय घ्यायचा.

हळू चालताना, विशेषतः रिव्हर्समध्ये, पक्ष्यासारखी बारीक "चीं-चीं" येत असेल तर क्रॉसमधलं ग्रीस संपलं असण्याची शक्यता खूप. सुईच्या आकाराची छोटी बेअरिंगं कोरडी पडली की आधी चिवचिवतात, मग खटका सुरू होतो, मग कंप. चिवचिवाटाच्या टप्प्यावर कमी खर्चात सुटका होते, म्हणून हा आवाज मी कधीच दुर्लक्षू देत नाही.

ठरावीक वेगपट्ट्यात येणारा एकसुरी, ताणलेला सूर म्हणजे बहुधा क्राउन-पिनियन, डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या दातचाकांची जोडी. गॅरेजात म्हणतात, "हौसिंग (डिफरन्शियलचं कवच) ओरडतंय." वेगासोबत सलग वाढणारी जाड घरघर म्हणजे चाकाचं बेअरिंग किंवा टायर. आणि पत्र्यासारखी पातळ झणझण, जी इंजिनच्या एखाद्या ठरावीक आरपीएमलाच येते, ती बहुतेक सायलेन्सरच्या उष्णतारोधक पत्र्याची असते. तिचा ओढीशी काही संबंध नसतो.

आवाज इंजिनचा, शाफ्टचा की चाकाचा, हे ओळखायची काही युक्ती आहे का?

आहे. ती साध्या गणिताची आहे आणि फुकट आहे.

पहिली पायरी: आवाज येतो त्याच वेगाला गिअर बदला. ५० च्या वेगाला चौथ्यात आवाज येतो, मग ५० लाच तिसऱ्यात घालून बघा. इंजिनचे आरपीएम बदलले, चाकांचे नाहीत. आवाजाची लय बदलली तर कारण इंजिन-क्लचच्या बाजूला. लय तशीच राहिली तर गिअरबॉक्सच्या पुढे, म्हणजे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ओढ वाटणारी पेटी), शाफ्ट, डिफरन्शियल, चाकं.

दुसरी पायरी: लय मोजा. थारच्या २५५/६५ आर१८ टायरचा व्यास साधारण ७८९ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे २.४८ मीटर पुढे जाते. ताशी २० किमीला चाक सेकंदाला दोनाच्या थोडं वर फिरतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ च्या आसपास धरलं, तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला नऊ फेरे घेतो. नेमकं गुणोत्तर तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. आता हळू चालवत कान द्या. "टक... टक..." असं मोजता येत असेल तर चाकाच्या गतीने फिरणारी वस्तू: चाक, ब्रेक डिस्क, ॲक्सल. मोजता येणार नाही इतकं भरभर असेल तर शाफ्ट. ६० च्या वेगाला तोच शाफ्ट सेकंदाला २७ फेरे घेतो, आणि क्रॉसचा कोन बिघडला असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा कंप येतो. म्हणजे सेकंदाला ५४. हे कानाला ठोक्यांसारखं ऐकू येत नाही, सीटखाली आणि फरशीला गुंजल्यासारखं जाणवतं.

गाडीचा स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे वेग फोनच्या जीपीएसवरून घ्या.

ही चाचणी शहरात घ्यायची कुठे?

सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी पहाटे. कारखान्यांच्या लांबलचक कंपाउंड भिंती तिथे असतात. काच खाली करून भिंतीला समांतर २०-३० च्या वेगाने गेलात की खालचा आवाज भिंतीवर आपटून थेट कानात येतो. एकदा भिंत डावीकडे ठेवून, एकदा उजवीकडे ठेवून जा. कोणत्या बाजूचा आवाज आहे तेही कळतं. कसारा घाटात किंवा महामार्गाच्या उड्डाणपुलावर असले प्रयोग करू नका.

फोर-एच टाकली की वळताना गाडी धक्के देते आणि "धड्-धड्" वाजते. काय तुटलं?

कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर हे होत असेल तर बहुधा काहीच तुटलेलं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून त्यांना जास्त फिरावं लागतं. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या-मागच्या चाकांतला फरक सोसणारा मधला डिफरन्शियल नसतो. फोर-एच टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. फरक कुठेतरी जायला हवा. चिखलात, वाळूत चाक जरासं घसरतं आणि ताण निघून जातो. शहरातल्या कोरड्या काँक्रीटवर चाक घसरत नाही, मग ताण शाफ्टमध्ये साठतो आणि मध्येच झटक्याने सुटतो. तोच धक्का, तोच आवाज. अशा वेळी लिव्हरही टू-एचमध्ये यायला नकार देतो. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्या, ताण सुटतो.

धक्के सरळ रस्त्यावरही येत असतील तर टायर बघा. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर ही नेहमीची चूक आहे. नक्षी ५ मिमी झिजली की व्यास १० मिमीने घटतो. थारच्या टायरवर हा सव्वा टक्क्याच्या आसपासचा फरक, म्हणजे फोर-एचमध्ये दर किलोमीटरला बारा-तेरा मीटरची ओढाताण. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. हवेचा दाबही आधी जुळवून घ्या.

पहिला टाकून निघालो की "ठक्" होतं, मग सगळं शांत.

थोडा खटका या गाड्यांत असतोच. दोन डिफरन्शियल, एक ट्रान्सफर केस, तीन-चार क्रॉस. प्रत्येकाचा थोडा थोडा प्ले मिळून तो होतो. काळजी कधी करायची, तर तो नव्याने आला असेल, वाढत असेल किंवा हाताला-पायाला धक्का जाणवत असेल तेव्हा.

आधी ग्रीसिंग करून घ्या. शाफ्टच्या स्लायडिंग योकमध्ये ग्रीस सुकलं की ब्रेक मारताना योक एका जागी अडकतो आणि निघताना सुटतो. थांबल्यावर किंवा निघाल्यावर एकदाच येणारा हा ठोका ग्रीसगनच्या चार दाबांत गेलेला अनेकदा दिसतो. जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) नवं भरायचं. काही गाड्यांत क्रॉस सीलबंद असतात, त्यांना निपलच नसतो; तिथे हा मार्ग नाही.

ग्रीसिंगने गेला नाही तर मोकळ्या सपाट जागेत, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही लावून, इंजिन चालू ठेवून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच अगदी जरासा सोडा. दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून बॉनेटखाली इंजिन किती डुलतं ते बघायचं. गाडीच्या पुढे-मागे कुणीही उभं राहायचं नाही. इंजिन एका बाजूला झटक्याने उचललं जात असेल तर माउंटिंग गेलं. मागे पाटे असलेल्या गाडीत पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुशही बघा. ॲक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकत असेल तर अगदी शाफ्टसारखाच खटका येतो, आणि बिचाऱ्या क्रॉसवर उगाच आळ येतो.

क्रॉस घरी तपासता येतो का?

येतो. पण गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली हात घालायचा नाही. जॅक सरकतो. चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके किंवा दगड लावा, भक्कम स्टँड असतील तरच उचला. सपाट जागी, चाकं जमिनीवर ठेवूनही पुरेसं कळतं.

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाकांना अडण. आता शाफ्ट क्रॉसच्या दोन्ही बाजूंना धरा आणि दोन हात उलट दिशेने पिळा. मग वर-खाली हलवा. क्रॉसमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल असेल, किंवा कपाच्या कडेला गंजाची लाल भुकटी असेल, तर तो संपला. पूर्ण शाफ्ट फिरवल्यावर थोडा प्ले जाणवतो, तो डिफरन्शियलचा बॅकलॅश असतो. तो आणि क्रॉसचा प्ले यांत गल्लत करू नका. म्हणूनच हात अगदी क्रॉसला लागून ठेवायचे.

क्रॉस थंडीत जड आणि गरम झाल्यावर मोकळा असतो, त्यामुळे एकदा थंड गाडीवर आणि एकदा फेरी मारून आल्यावर तपासा. अधूनमधून येणारा आवाज इथेच सापडायची शक्यता जास्त. खरी खात्री शाफ्ट काढून, क्रॉस हाताने चारही दिशांना वळवून होते. एका ठिकाणी जरी खाच लागल्यासारखा अडला तरी बदला.

पुढचा शाफ्ट काढून गाडी चालवून बघा असं एकानं सुचवलं. चालतं का?

पार्ट-टाइम गाडीत ही फार उपयोगी चाचणी आहे. पुढचा शाफ्ट काढा, टू-एचमध्येच चालवा. आवाज गेला तर पुढच्या शाफ्टमध्ये किंवा त्याला जोडलेल्या भागात दोष. तसाच राहिला तर पुढचा शाफ्ट संशयातून सुटला. काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने बसतो त्या चकत्यांवर) आणि योकवर रंगाने जुळणीची खूण करा. स्लायडिंग योक एक दाता पुढे-मागे बसला की दोन क्रॉसचा मेळ बिघडतो आणि आधी नसलेला कंप सुरू होतो. काही गाड्यांत शाफ्ट काढल्यावर ट्रान्सफर केसमधून ऑइल गळतं. तिथे तोंड बंद केल्याशिवाय चालवू नका. हँडब्रेक शाफ्टवर असणाऱ्या जुन्या जीपसारख्या गाड्यांत मागचा शाफ्ट काढला तर हँडब्रेकच राहत नाही, हे लक्षात ठेवा.

कायम चारही चाकांवर चालणाऱ्या किंवा इलेक्ट्रॉनिक क्लचवाल्या गाडीत हे करू नका. तिथे मधल्या डिफरन्शियलचं किंवा क्लचचं नुकसान होऊ शकतं.

६० ते ८० मध्ये सूर येतो, पाय सोडला की बदलतो.

ओढीसोबत बदलणारा सूर म्हणजे दातांचा आवाज. पाय दाबल्यावर क्राउन-पिनियनच्या दातांची एक बाजू लागते, पाय सोडल्यावर दुसरी. फक्त दाबल्यावर किंवा फक्त सोडल्यावर येत असेल तर दातांचा संपर्क बिघडला आहे किंवा पिनियनचं बेअरिंग ढिलं झालं आहे. दोन्हीकडे, ओढ असो-नसो, सारखाच येत असेल तर बेअरिंग किंवा टायरकडे वळा.

उघडण्याआधी ऑइल काढून बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणं नेहमीचं आहे. चिमटीत धरता येतील असे चकचकीत तुकडे निघाले तर मात्र हौसिंग उघडावंच लागेल. पातळी कमी असेल तर आधी गळती शोधा. आणि क्राउन-पिनियन बसवणं हे डायल गेज (बारीक प्ले मोजायचं माप) आणि शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) घेऊन बसणाऱ्या माणसाचंच काम आहे. "अंदाजाने घट्ट करून देतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

बेअरिंग की टायर?

टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर आलात आणि घरघर एकदम उतरली, तर टायर. बेअरिंग रस्त्याकडे बघत नाही.

रिकाम्या, रुंद रस्त्यावर ५० च्या आसपास गाडी हळुवार उजवीकडे-डावीकडे झुलवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर डाव्या बाजूचं बेअरिंग. फेरी मारून आल्यावर हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात न्या, टेकवू नका. एक हब बाकीच्यांपेक्षा ठळक गरम असेल तर तो एकतर बेअरिंगचा किंवा चिकटलेल्या ब्रेकचा पुरावा आहे.

चिखलाची जाड नक्षी असलेले टायर घरघरतातच. ते बदलल्यापासून आवाज आला असेल तर फार शोधत बसू नका.

फरशी पुलावरून पाण्यातून गेलो, दोन दिवसांनी आवाज सुरू झाला. संबंध आहे?

थेट आहे. तासभर चाललेलं हौसिंग गरम असतं. ते एकदम थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदरची, म्हणजे हौसिंगला श्वास घेऊ देणारी, नळी मोकळी असेल तर हवा आत जाते. ती आपल्याकडच्या चिकट काळ्या मातीने बुजलेली असेल तर सीलच्या कडेतून पाणी आत जातं. ऑइल दुधाळ होतं, त्याची चिकटाई जाते, आणि बेअरिंग काही दिवसांत वाजू लागतं.

पावसाळ्यात भावली, वैतरणा, त्र्यंबकच्या बाजूने फिरत असाल तर पाण्यातून आल्यावर पुढचं-मागचं दोन्ही हौसिंग, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स यांचं ऑइल तपासा. लेव्हल प्लग जरा सैल करून बोटावर घेतलं तरी रंग कळतो. दुधाळ दिसलं तर तेव्हाच बदला, "पुढच्या सर्व्हिसला बघू" नको. क्रॉसना ग्रीस द्या, ब्रीदर फुंकून बघा. पूल पाण्याखाली असेल आणि पाणी वाहतं असेल तर गाडी घालूच नका, फोर बाय फोर असली तरी.

त्याच सहलीनंतर ७० च्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखल खरवडा. बॅलन्सिंग बिघडतं ते त्यानेच.

फक्त पहाटेच्या थंडीत येतो. डिसेंबर-जानेवारीत.

निफाडकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गिअर ऑइल घट्ट होतं, रबराचे बुश कडक होतात, ग्रीस जड होतं. पहिल्या काही मिनिटांचा करकर आवाज गाडी तापल्यावर पूर्ण जात असेल तर आधी ऑइलचा दर्जा आणि वय बघा. रात्रभर दवात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर होते आणि जाते. हँडब्रेकचे शू ड्रमला चिकटले तर निघताना एकदाच मोठा "टक्" होतो. ही दोन्ही कारणं सोडून मग ओढीच्या भागांकडे या.

पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावरच कटकट येते.

बाहेरचा सीव्ही जॉइंट. थारसारख्या पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत रबरी बूट उघडा दिसतो. त्याच्या घड्या बोटांनी उघडून चीर शोधा, रिमच्या आत ग्रीस उडालेलं दिसतंय का बघा. जिप्सी-जिम्नीसारख्या पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांत हा जॉइंट नकलच्या (चाक ज्यावर वळतं त्या भागाच्या) पोटात बंद असतो, तिथे बाहेरून कळत नाही. फुटलेला बूट लवकर लक्षात आला तर साफ करून, नवीन ग्रीस भरून जॉइंट वाचतो. कटकट सुरू झाल्यावर तो बदलावाच लागतो.

कच्च्या रस्त्यावरून आलो आणि चाकातून कर्कश किंचाळी सुरू झाली!

ब्रेक डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकला असणार. हळू पुढे-मागे घ्या, बऱ्याचदा पडतो. नाही पडला तर गाडी थंड झाल्यावर पत्रा जरासा वाकवून काढा. आवाज भीतीदायक असतो, दोष मात्र क्षुल्लक.

कोणते आवाज मुळातच दोषाचे नसतात?

फोर-एलमध्ये गिअरचा सूर. चिखलात ब्रेकने चाक रोखणारी यंत्रणा चालू झाल्यावरची "घर्रर्र". एक चाक हवेत असताना मेकॅनिकल लॉकर (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) पकडतो तेव्हाचा दणका. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की ॲक्सल तुटला. मॅन्युअल हब लॉक (पुढची चाकं ओढीला हाताने जोडायच्या कळा) अर्धवट फिरवले असतील तर मात्र कर्रकर्र येते आणि ती दातांना खाते. दोन्ही हब पूर्ण लॉक किंवा पूर्ण मोकळे, मधलं काही नाही.

आवाज येत असताना घाट उतरून मुंबईला जाऊ का?

क्रॉसमध्ये दिसण्याइतका प्ले, कंप वाढत चाललेला, एखादा हब तापलेला, नट ढिले, किंवा हौसिंगमधून तुकडे निघालेले: यांपैकी काहीही असेल तर नाही. क्रॉस तुटून शाफ्ट सुटला तर तो ब्रेकच्या पाइपांना, टाकीला फटके मारतो. शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुतलं तर गाडी उचलली जाऊ शकते. गाडी उचलून नेणारी बोलवा. बाकी आवाजांवर, म्हणजे नुसता जुना सूर किंवा सौम्य खटका असेल तर, वेग कमी ठेवून जाता येतं. पण घाट उतरताना आवाज ऐकायला म्हणून गाडी न्यूट्रल करायची नाही.

सर्व्हिस सेंटरवाले "दोष आढळला नाही" लिहून देतात. काय करू?

जॉब कार्डवर "आवाज येतो" एवढंच लिहू देऊ नका. वहीतली परिस्थिती जशीच्या तशी लिहायला लावा: "गाडी थंड, टू-एच, दुसरा गिअर, २० किमी, पाय सोडल्यावर मागून ठोका." टेस्ट ड्राइव्हला सोबत बसा आणि स्टिअरिंग आधी तुमच्या हातात घ्या, कारण तो आवाज काढायचा कसा हे तुम्हालाच माहीत आहे. आवाज थंडीतच येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवा. वॉरंटीत असाल तर प्रत्येक भेटीचं जॉब कार्ड जपा; तक्रार मुदतीत केली होती याचा पुरावा तोच.

ऑइल कोणतं घालू?

मॅन्युअलमधलं. अनेक डिफरन्शियलना ८०डब्ल्यू-९० जीएल-५ लागतं, पण ट्रान्सफर केसला काही गाड्यांत वेगळंच ऑइल असतं, आणि क्लच असलेल्या लिमिटेड-स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणाऱ्या) डिफरन्शियलला खास ॲडिटिव्ह लागतं. ते नसेल तर वळताना मागून थरथर आणि गुरगुर येते, आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

क्रॉस नवा बसवला, आवाज गेला, महिन्याभरात परत आला. भाग नकली होता का?

असू शकतो, पण आधी विचारा: गाडी उंच केली आहे का? लिफ्ट किट घातल्यावर शाफ्टचा कोन वाढतो. एका क्रॉसमुळे शाफ्टची गती फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस समान कोनात असेल तरच ती भरून निघते. ट्रान्सफर केसचं तोंड आणि पिनियनचं तोंड समांतर हवं. नुसते स्प्रिंग उंच करून ॲक्सल तिरका राहिला की हा मेळ तुटतो. मग क्रॉस कितीही चांगला घाला, तो लवकर झिजणारच. फोनमधल्या कोन मोजणाऱ्या ॲपने सपाट जागेवर तीन मापं घ्या: ट्रान्सफर केसची फ्लँज, शाफ्ट, पिनियनची फ्लँज. शाफ्टचा दोन्ही टोकांशी होणारा कोन जवळपास सारखा यायला हवा. मापं एकदा रिकाम्या गाडीवर आणि एकदा नेहमीचं वजन भरून घ्या. फरक दिसला तर ॲक्सलचा तिरकेपणा सुधारणाऱ्या पाचरी किंवा आर्म लागतील, आणि एकाच टोकाला दोन क्रॉस असलेला डबल कार्डन शाफ्ट असेल तर हिशोब वेगळा: तिथे पिनियन जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत ठेवतात. उंची वाढवलेली नसेल तर मागच्या वेळी शाफ्ट काढताना जुळणीची खूण केली होती का, आणि बसवल्यावर बॅलन्सिंग झालं होतं का, हे त्या फिटरला विचारा.